अडीच ग्रॅम शिसं

उजवा गाल दगडाला लावा. सिंधुदुर्गाच्या तटातल्या या जंगीशी उभं राहायला जेमतेम एका माणसाची जागा आहे. दगड उन्हानं कोमट झालेला, खाऱ्या वाऱ्यानं किंचित चिकट. आतून रुंद आणि बाहेर निमुळती होत गेलेली ही फट तुमची नजर आपसूक खाली वळवते, लाटा फुटतात त्या खडकांवर. ज्या पाथरवटानं ती घडवली त्याला ठाऊक होतं की इथे उभा राहणारा माणूस समुद्र बघायला आलेला नसेल. त्याच्या हातात बंदूक असेल.

आता खिशात हात घाला. बोटांना चिंचोक्याहून बारीक असं काहीतरी लागेल. एका टोकाला गोलसर, राखाडी, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. वजन अडीच ग्रॅमच्या जरासं वर. बायथलॉन नावाच्या खेळातल्या रायफलची ही गोळी. पायाला स्की बांधून बर्फावर छाती फुटेपर्यंत पळायचं आणि मध्येच थांबून पन्नास मीटरवरचे पाच नेम टिपायचे, असा तो खेळ. मालवणात बर्फ मिळतो तो मासळीच्या टोपल्यांत. तरीही तुम्हाला तिथे न्यायचं आहे, आणि वाट याच जंगीतून जाते.

गोळी शिशाची आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन समोरच्या कुरटे बेटावर या जलदुर्गाचं काम सुरू झालं, तेव्हा पायाचे चिरे शिशाचा रस ओतून बसवले असं सांगतात. समुद्राला त्या सांध्यांत बोट घालता आलेलं नाही. म्हणजे तुमच्या पायांखाली शिसं आहे आणि तळहातावरही शिसंच. मूठ मिटा. डोळेही.

डोळे उघडता तेव्हा साल १७१७ आहे. श्रावण महिना. एक सर नुकतीच ओसरली आहे आणि पुढची वेंगुर्ल्याच्या बाजूनं काळी होऊन येते आहे. मधल्या उन्हाचा फायदा घेऊन किल्ल्यात धावपळ चालली आहे. दारूकोठारातून मडकी बाहेर येताहेत. सुक्या चटयांवर काळी दारू पसरली जाते आहे आणि हवालदार स्वतः उभा राहून बघतो आहे, आसपास कुठे चिलीम तर पेटलेली नाही ना. नारळी पौर्णिमा अजून यायची आहे, दर्या बंद आहे, आरमाराची गलबतं वर ओढून ठेवलेली आहेत. एवढ्या उसंतीतही दारूला मात्र उसंत नाही.

हा शिरस्ता करवीरच्या राज्याचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात तो लिहून ठेवला आहे: दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं, मग पुन्हा मोहोर करून ठेवावं. राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या ग्रंथात दारू वाळवण्याला जागा मिळावी, याचं मला पहिल्यांदा वाचताना नवल वाटलं होतं. कोकणातला एक पावसाळा काढलेल्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. इथे मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपला पांढऱ्या होतात. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाला दमट हवेनं धरलं की शत्रू दारात असताना तुमच्या हातात उरते ती फक्त लोखंडाची नळी.

तटावरचा एक म्हातारा बरकंदाज तुम्हाला जवळ बोलावतो. भंडारी आहे, दंडावर माडाच्या सालीचे जुने ओरखडे. तो आपली बंदूक तुमच्या हातात देतो. तोड्याची. उभी धरली तर तुमच्या हनुवटीला लागेल एवढी लांब, आणि नळीकडून इतकी जड की डावा हात लगेच भरून येतो. दक्षिणेला दोन दिवसांच्या वाटेवर गोवा आहे. तिथले लोहार अशा बंदुका किती सफाईनं करतात हे अल्बुकर्कनं दोनशे वर्षांपूर्वीच पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं.

म्हातारा भरायला शिकवतो. शिंगातून दारू नळीत. वर चिंधी, मग गोळी, मग गजानं ठोकून बसवायचं. नळीच्या बुडाशी कान आहे, त्याच्या शेजारच्या वाटीत चिमूटभर बारीक रंजक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला दोर म्हणजे तोडा. त्याचं धुमसतं टोक चिमट्यात अडकवायचं. एवढं होईस्तोवर समोरची होडी चांगली दहा-वीस वल्ही पुढे गेलेली असते. म्हातारा चार बोटांचा आडोसा करून तोड्यावर फुंकर घालतो.

“तोडो इझाक देव नको,” तो म्हणतो. विझू द्यायचा नाही. बाकी सगळं नंतर.

तुम्ही दस्त्याला गाल लावता. चाप दाबता. आणि काहीच होत नाही. निदान तुम्हाला तसं वाटतं. दोर हळूच खाली झुकतो, रंजक फुरफुरतं, डोळ्यांपाशी जाळाचा एक झोत उठतो, तुम्ही दचकून मान मागे घेता आणि मग कुठे बार होतो. गोळी गेली कुठे ते वरुणालाच ठाऊक. म्हातारा हसत नाही. तो बंदूक परत घेतो, पुन्हा भरतो आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, “हलू नको. बार झालो तरी हलू नको.”

हे वाक्य सांभाळून ठेवा. चाप दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा तो पोकळ क्षण हीच नेमबाजीची खरी जागा आहे. हत्यार घडवणाऱ्यांनी पुढची तीनशे वर्षं तो क्षण लहान करत आणला. त्यांना तो शून्य करता आला नाही. जे उरलं ते आजही माणसालाच भरून काढावं लागतं, अंग न हलवता.

दुसरा बार. या वेळी जाळ उठतो तेव्हा तुमचे डोळे उघडे आहेत.

सर आली. मडकी आत चालली. मूठ आवळा, पुढे बरंच जायचं आहे. १७६५ मध्ये इंग्रज हा किल्ला घेतात, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव देतात आणि पुढे करवीरकर पैसे भरून तो सोडवतात. ते सगळं बाजूनं सरकू द्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७६७ मध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला नॉर्वे-स्वीडनच्या सरहद्दीवर पहारा देणाऱ्या तुकड्या बर्फात एक स्पर्धा भरवताहेत. उतारावरून स्कीवर घसरत येताना, न पडता, चाळीस-पन्नास पावलांवरच्या नेमावर बार टाकायचा. तटावरचा बरकंदाज आणि हा बर्फातला शिपाई एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांची नोकरी एकच आहे. हद्द राखायची आणि दारू कोरडी ठेवायची. एकाला पाऊस आडवा येतो, दुसऱ्याला हिम.

तिथून २१ फेब्रुवारी १९६०. कॅलिफोर्नियातलं स्क्वॉ व्हॅली. ऑलिंपिकमध्ये बायथलॉन पहिल्यांदाच खेळलं जातं आहे आणि तुमच्या पाठीवर लष्करी ताकदीची रायफल आहे, खांदा सुजवणारी. वीस किलोमीटरच्या वाटेवर चार ठिकाणी थांबायचं, प्रत्येकी पाच गोळ्या, नेम शंभरपासून अडीचशे मीटरपर्यंत लांब. एक चुकला की वेळेत दोन मिनिटं वाढ. त्या दिवशी बर्फावर सर्वांत वेगानं पळालेल्या फ्रेंच गड्याचे वीसपैकी अठरा नेम चुकले. सोनं मिळालं स्वीडनच्या क्लास लेस्टांडरला. पळण्यात तो बऱ्याच जणांच्या मागे होता. पण त्याचे वीसच्या वीस लागले, आणि असं दुसऱ्या कोणालाही जमलं नाही.

१९७८ मध्ये ऑस्ट्रियातल्या होखफिल्झेनच्या जागतिक स्पर्धेत ती जड रायफल गेली. तिच्या जागी .२२ आली, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची, तुमच्या मुठीत आहे तीच गोळी. अंतर आलं पन्नास मीटरवर. दरी दणाणून सोडणाऱ्या बाराच्या जागी वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज. खेळ रानातून मैदानात आला आणि लोकांना डोळ्यांसमोर दिसू लागला. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या हातात ही रायफल यायला मात्र १९९२ उजाडलं. या उशिराला कुठलंही तांत्रिक कारण देता येणार नाही.

पुढच्या थांब्याआधी एक रात्र आपल्याकडची. ऑक्टोबर, भात पोटऱ्यातून बाहेर येऊन पिवळं पडू लागलेलं. मळ्याच्या कडेच्या मांगरात तुम्ही एका शेतकऱ्याशेजारी बसला आहात. मांडीवर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक, आजोबांच्या वेळची, ठासणीची. काळोखात कुठेतरी डुकरांचा कळप पाचोळा तुडवतो आहे. तुमचा शेजारी तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेतो, कारण नाकानं घेतला तर आवाज होतो. हे त्याला कोणत्या प्रशिक्षकानं शिकवलेलं नाही. या जिल्ह्यात अशा माणसांना नेमबाज म्हणायची रीत नाही, पण मी म्हणेन. निवडणूक लागली की यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०१४ आणि २०१९ मध्ये विधानसभेचं मतदान पडलं ते ऐन ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असताना. ज्याच्या वर्षभराच्या पेजेचा प्रश्न त्या चार गुंठ्यांत उभा असतो, त्याला ते पंधरा-वीस दिवस फार लांब जातात.

आता अंथोल्झ. इटलीच्या उत्तरेला, आल्प्समध्ये, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधलं बायथलॉन इथेच झालं. हवा विरळ आहे. नाकातला ओलावा गोठून टोचतो आहे. शेवटचा चढ चढून तुम्ही मैदानात शिरता आणि हृदय मिनिटाला एकशे सत्तरच्या पुढे ठोके देतं आहे, तेही कानांत.

पाठीवर रायफल आहे. दप्तरासारख्या दोन पट्ट्यांनी बांधलेली, नळी आभाळाकडे. नियम सांगतो की काडतुसं वगळून ती साडेतीन किलोपेक्षा हलकी नसावी. त्यामुळे कारागिराचा सगळा जीव लाकडातून फालतू ग्रॅम काढण्यात आणि उरलेलं वजन हवं तिथे ठेवण्यात जातो. दस्त्याला भोकं आहेत, कोरीव पोकळ्या आहेत. कुशीत पाच-पाच काडतुसांची मॅगझिन ओळीनं खोचलेली, बोटांनी आंधळेपणानं ओढता यावीत अशी. दुर्बीण लावायला बंदी आहे. मागे बारीक भोकाची चकती, पुढे नळीच्या टोकाशी वर्तुळाच्या आत वर्तुळ, आणि पलीकडचं काळं वर्तुळ त्यात मधोमध बसवायचं, बस्स. आपल्याकडे बंदुकीच्या टोकावरच्या या खुणेला माशी म्हणतात. इथली माशी गोल आहे एवढंच.

एक वस्तू नीट बघा. नळीच्या तोंडावर आणि मागच्या चकतीवर छोटी झाकणं आहेत. पडलात तर बर्फ आत जाऊ नये म्हणून. नळीच्या तोंडाशी बर्फाचा गोळा असताना बार केला तर नळी फाटू शकते, चकतीच्या भोकात हिमाचा एक कण बसला तर नेमच दिसत नाही. बोटाच्या फटक्यानं झाकणं उघडतात. तटावरच्या म्हाताऱ्यानं तोड्यापुढे धरलेली चार बोटं आठवतात ना?

दारूचं ऊनही इथे आहे, वेगळ्या रूपात. थंडीत काडतुसातली दारू मंद जळते, गोळीचा वेग घटतो आणि ती जराशी खाली लागते. म्हणून संघ काडतुसं थंड करून तपासतात, कुठल्या नळीला कुठली बॅच मानवते ते शोधतात आणि ती जपून ठेवतात. शर्यतीआधी कागदावर गोळ्या मारून चकतीचे खटके जुळवायचे. मैदानात रेंजवर छोटे झेंडे लावलेले असतात. वारा फिरला की एक खटका डावीकडे, दोन उजवीकडे. वारा बघून शीड किती सैल सोडायचं हे मालवणच्या बंदरातल्या पोरालाही कळतं, त्याला हे सांगावं लागणार नाही.

काठ्या टाका. आडवे व्हा. चटईवर पोट, कोपर रुतवा, दंडावरच्या पट्ट्याचा आकडा रायफलला अडकवा. झाकणं उघडली. मॅगझिन आत. गाल दस्त्याला. अक्रोडाचं लाकूड इतकं गार आहे की क्षणभर भाजल्यासारखं वाटतं.

समोर पांढऱ्या पट्टीवर पाच काळी वर्तुळं. प्रत्येक ११५ मिलिमीटरचं, नारळाच्या करवंटीएवढं. उभं राहून मारताना करवंटीत कुठेही लागलं तरी चालतं. आडवं असताना मात्र तिच्या मधला ४५ मिलिमीटरचा भागच खरा, रातांब्याएवढा. उरलेलं काळं नुसतं डोळ्याला आधार म्हणून. चुकलात तर दीडशे मीटरचा दंडाचा फेरा, किंवा शर्यत कुठली आहे त्यानुसार वेळेत भर.

हृदय अजून थांबायला तयार नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर माशी वर्तुळाबाहेर उडी मारते आणि परत येते. दोन श्वास पूर्ण घ्या. तिसरा अर्धा सोडा. धरा. चापावर अर्ध्या किलोचा दाब लागतो, त्याहून हलका चाप नियमात बसत नाही. दाब आधीच भरत आणा. माशी परत येते त्या वळणावर उरलेला चिमूटभर दाब.

टक.

काळं वर्तुळ पांढरं झालं. आणि आता ज्यासाठी ही रायफल ओळखली जाते ती गोष्ट. लष्करी रायफलीसारखा दांडा वर उचलून मागे ओढायचा नाही. तर्जनीनं सरळ मागे, अंगठ्यानं सरळ पुढे. बास. गाल जागचा हलत नाही. जर्मनीतल्या पीटर फोर्टनर यांनी १९८०च्या दशकात ही रचना केली आणि अनशुट्झ कंपनीच्या रायफलीत बसून ती जगभर गेली. दर बाराला आपोआप भरणारी बंदूक या खेळात चालत नाही, हातानंच भरावी लागते. फोर्टनर यांनी तो हात दोन बोटांवर आणला. सिंधुदुर्गावर एका बाराला जेवढा वेळ लागला तेवढ्यात इथे पाचही होतात आणि माणूस उठून स्कीवर चढलेला असतो.

टक. टक. टक. चौथा बार लागला की मन पाचव्याच्या पुढे धावतं, चटईवरून उठून काठ्यांकडे. बहुतेक जणांचा घात तिथेच होतो. तुमच्या कानाशी कोणीतरी म्हणतं, बार झालो तरी हलू नको.

टक. पाचवं पांढरं. रायफल पाठीवर, झाकणं बंद. तुम्ही उठता तेव्हा पोटऱ्या कापताहेत आणि इतका वेळ श्वास अडवला होता हे फुप्फुसांना आत्ता कळतं.

अजून एक थांबा, आणि तो चुकवता येणार नाही, कारण तो घरचा आहे. मालवणहून कणकवलीला जा, फोंडाघाट चढा, दाजीपूरच्या जंगलातून राधानगरी तालुक्यात उतरा. तिथलं कांबळवाडी हे स्वप्नील कुसाळेचं गाव. १ ऑगस्ट २०२४, फ्रान्समधलं शातोरू. बर्फ नाही, पळणं नाही, पण गोळी तुमच्या मुठीतली आणि अंतरही तेच, पन्नास मीटर. गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून, असा तीन स्थितींचा खेळ. रायफल आठ किलोपर्यंत चालते, अंगात जाड ताठ जाकीट असतं आणि दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. रातांबा नव्हे, करवंद.

तुम्ही त्याच्या मागे उभे आहात. आठ जणांच्या अंतिम फेरीत तो ५९० गुणांसह सातवा येऊन पोचला आहे. गुडघ्यावरच्या आणि आडव्या मालिका संपल्या तरी पहिल्या तिघांत नाही. मग उभं राहायची पाळी येते, तिन्हींतली सर्वांत डळमळीत. एकेक जण गळत जातो. तो रायफल खांद्याला लावतो, गाल टेकवतो आणि बराच वेळ काहीच करत नाही. कधी रायफल खाली घेतो, पुन्हा लावतो. बार झाल्यावरही पुतळ्यासारखा तसाच. ४५१.४ गुण, कांस्यपदक. या प्रकारात भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं पहिलं. त्याच्याच जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत चौदा वर्षांपूर्वी, २०१० मध्ये, म्युनिकला याच अंतरावर आडव्या स्थितीत जगज्जेती झाली होती, हा मान मिळवणारी पहिली भारतीय नेमबाज स्त्री.

बायथलॉनवाला वादळातून येऊन स्तब्ध होतो, हा आधीपासूनच स्तब्ध आहे. कोणाचं अवघड याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मला दोघांच्या गालावर दस्त्याचा तोच वळ दिसतो.

मूठ उघडा.

गोळी तळहाताच्या घामानं ओली झाली आहे. जंगीतून येणारा वारा आता गार लागतो आहे, म्हणजे उन्हं कलली. खाली दिल्ली दरवाजाशी शेवटची होडी भरते आहे. तांडेल वरच्या लोकांना हाका मारतो आहे, “चला, चला, येवा लवकर!” पायऱ्या उतरताना एक लहान मुलगी तुमच्याकडे टक लावून बघते आणि आईला काहीतरी विचारते. तुम्ही गालावरून हात फिरवता. दगडाचे बारीक दाणे कातडीत उमटलेले आहेत, डोळ्याच्या खाली, दस्ता टेकतो अगदी तिथे.